कोणाची आई किती वाजता निघते

अंगणवाडीत मुलाचं नाव घालताना बरीच माहिती विचारलेली असते. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, आधार, मोबाइल नंबर, प्रवर्ग, अल्पसंख्याक आहे का, दिव्यांग आहे का, स्थलांतरित आहे का. हे सगळं भरून झालं की त्यातून एक तक्ता तयार होतो: अनुसूचित जातीचे इतके, जमातीचे इतके, अल्पसंख्याक इतके. वरच्या बैठकीत हा तक्ता म्हणजेच आमच्या पटाची ओळख. कोलशेतला सेविका म्हणून काम करताना माझं मत मात्र पक्कं होत गेलं की या तक्त्यात एक रकाना कमी आहे. मुलाची आई किती वाजता घराबाहेर पडते आणि किती वाजता परत येते, एवढं जरी त्यात लिहिलं, तरी कोणतं मूल रोज येईल, कोणतं अर्ध्यावर गळेल आणि कोणतं कधी पटावरच येणार नाही, हे नाव घालतानाच सांगता येईल.

कोलशेत म्हणजे ठाण्याच्या उत्तर अंगाला, उल्हासच्या खाडीवर वसलेलं आगरी-कोळ्यांचं गाव. एका बाजूला ढोकाळी, बाळकूम. दुसऱ्या बाजूला घोडबंदर रस्त्याकडे जाणारी वस्ती. मध्ये हवाई दलाचं ठाणं. कोलशेत रस्त्यावर एके काळी रसायनांचे मोठे कारखाने होते. बायर होती, सँडोज होती. सँडोजचा रसायनांचा धंदा १९९५ साली वेगळा होऊन क्लॅरियंट झाला, पुढे इथली जमीन विकली गेली आणि आता तिथे लोढांचे टॉवर उभे आहेत. कंपनीचं नाव राहिलं ते सँडोज बाग या वस्तीच्या नावात.

कारखाने चालू होते तेव्हाच्या गोष्टी माझ्या आधीच्या सेविकाबाई सांगायच्या. कंपनीत तीन पाळ्या, पण पाळी बापाची. आई बहुतेक घरीच. त्यामुळे पोरगं आंघोळ घालून, केसाला तेल लावून, छातीला रुमाल अडकवून वेळेवर हजर. आई दारापर्यंत आणून सोडायची, सुटायच्या आधीच दारात येऊन उभी राहायची. पटावर कोकणातली, घाटावरची, खानदेशातली मुलं असायची, गावठाणातली तर असायचीच. गावं निराळी असली तरी त्या सगळ्या घरांचा दिवस सारखाच चालायचा, म्हणून अंगणवाडीची वेळ आणि घराची वेळ यांत कधी तंटा नव्हता. आमची वेळ तेव्हा जी होती ती जवळपास तशीच आहे: सकाळी भरायचं, गरम आहार द्यायचा, दुपारी सोडायचं. बदललं ते आयांचं वेळापत्रक.

आता माझ्या पटावर मुख्यतः चार तऱ्हेची घरं आहेत.

पहिलं घर धुणीभांडी करणाऱ्या बाईचं. चाळीतल्या भाड्याच्या खोलीत राहायचं आणि टॉवरमध्ये कामाला जायचं. साहेब-मॅडम ऑफिसला निघायच्या आत भांडी आणि पोळ्या व्हायला हव्यात, म्हणून ही सातलाच गेटवर असते. गेटवरच्या मोबाइलमध्ये तिची येण्याची वेळ पडते, उशीर झाला की वर फोन जातो. आमचं दार उघडतं तेव्हा तिचं दुसरं किंवा तिसरं काम चालू असतं. मग पोराला आणणार कोण? शेजारीण, थोरली बहीण, नाहीतर आमच्या मदतनीसताई जाता जाता हाताला धरून घेऊन येतात. या मुलांची हजेरी शेजारणीच्या तब्येतीवर अवलंबून. शेजारीण गावाला गेली की एका रांगेतली तीन मुलं एकदम गैरहजर होतात, आणि कारणाच्या जागी मी काय लिहावं?

दुसरं घर वॉचमनचं. हा रात्रपाळी करून सकाळी घरी येतो आणि झोपतो. खोली एकच, दहा बाय दहाची. त्याला झोप मिळायची तर पोर बाहेर जायला हवं. म्हणून वॉचमनची मुलं माझ्याकडे सगळ्यांत नेमाने येतात. पावसात, थंडीत, नाक वाहत असलं तरी येतात. बहुतेक घरं उत्तर प्रदेश-बिहारकडची. शाळेविषयी फार आस्था म्हणून ही हजेरी, असं अहवालात लिहायला छान वाटेल. खरं कारण बापाची झोप. बापाची पाळी बदलून दिवसाची झाली की तेच पोर आठवडाआठवडा दिसत नाही.

तिसरं घर गावठाणातलं. इथल्या तरुण आईबापांनी मुलं इंग्रजी नर्सरीत घातलेली आहेत. घराच्या ओट्यावर आजी निवांत बसलेली, तिला विचारलं तर म्हणते, “पोराला इंग्लिसमदी टाकलाय बाय, तुझे शालेन आता कशाला यील?” त्याला नर्सरी सुटल्यावर मात्र आणते माझ्याकडेच. कारण आजीला मासळीचे वाटे लावायला बसायचं असतं, आई घोडबंदर रस्त्यावरच्या दुकानात कामाला आणि बाप रिक्षावर. गळ्यात टाय, कमरेला पट्टा, छातीवर ओळखपत्र अशा थाटात हा गडी साडेअकराच्या सुमाराला सतरंजीवर येऊन बसतो. टाय सोडून दप्तरात ठेवतो आणि खिचडीच्या ताटाची वाट बघतो. तिकडे त्याची फी भरलेली, इकडे त्याचं वजन मी दर महिन्याला करते. त्याला ‘आमचा’ म्हणायचं की ‘त्यांचा’, हा प्रश्न त्याला स्वतःला कधी पडलेला दिसला नाही.

चौथं घर पत्र्याचं, इमारतीच्या कामावरच्या लेबर कॅम्पातलं. त्याच्याविषयी सावकाश सांगायला हवं, कारण माझा पट वर-खाली होतो तो त्याच्यामुळे.

पण आधी ही चारही घरं एका सतरंजीवर आली की काय होतं ते सांगते. कोपऱ्यात लाकडी ठोकळे, आइसक्रीमच्या काड्या, बाटल्यांची झाकणं आणि जुन्या वह्या ठेवलेल्या असतात. मुक्त खेळाच्या वेळेला कोणाला काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. एका सकाळी कॅम्पातल्या दोन मुलांनी ठोकळे हातात घेतले. त्यांनी ते एकावर एक रचले नाहीत. आधी काड्या आडव्या-उभ्या मांडून जाळी केली, त्यावर झाकणं ओतली आणि ओरडले, “माल आया, माल आया!” आधी लोखंड, मग काँक्रीट, आणि भिंत त्यानंतर. पुस्तकातल्या चित्रातलं घर उतरत्या छपराचं असतं. या पोरांचं घर सळ्यांपासून सुरू होतं. टायवाल्या गड्याने तेवढ्यात उरलेल्या झाकणांचे वाटे लावले आणि आजीच्या हेलात ‘कोलबी घ्या, कोलबी’ सुरू केलं. एका वाट्यावर एक झाकण वर टाकायला तो विसरला नाही. घरकामवाल्या बाईची मुलगी कॅम्पवाल्यांच्या स्लॅबवर ओली बोटं फिरवून फरशी पुसू लागली, आणि मालकीण झालेल्या दुसरीला म्हणाली, “मॅडम, आज पावडर संपलीय.” वॉचमनचा मुलगा कुठे होता? तो दाराशी जुनी वही घेऊन बसला होता. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला थांबवून वहीत रेघोट्या काढत होता. मी पाणी आणायला उठले तर मलाही म्हणाला, “टाइम लिखो.”

बालशिक्षणातली माणसं विविधता म्हणतात ती मला त्या सकाळी स्पष्ट दिसली. धर्म किंवा भाषा पुढे न येता घरातलं काम पुढे आलं. एकाच टॉवरच्या चार बाजू त्या खोलीत हजर होत्या: तो बांधणारे, तो पुसणारे, त्याच्या दारावर बसणारे, आणि ज्यांच्या गावात तो उभा राहिला ते. टॉवरमध्ये राहणाऱ्यांची मुलं काही आमच्याकडे येत नाहीत. पण खेळातली मॅडम त्यांनीच पाठवलेली.

भाषेची काळजी वरच्या कार्यालयात जितकी वाटते तितकी आम्हाला खोलीत वाटत नाही. कन्नड बोलणारं मूल, बंगाली बोलणारं मूल, भोजपुरी बोलणारं मूल पहिल्या दिवशी सारखंच रडतं. हातवाऱ्यांची बडबडगीतं, ताटल्या मांडायचं काम, रांगेत हात धुणं, एवढ्यावर पहिले दिवस निघतात. पुढे ती आपसांत जी बोलतात ती मराठी-हिंदीची मिसळ आम्हालाही येते. मूल रुळायला लागतो तो वेळ. आणि तो मिळणं घरच्या घड्याळावर असतं.

आता कॅम्प. टॉवरचं काम टप्प्याटप्प्याने चालतं आणि प्रत्येक टप्प्याची माणसं निराळी. पाया, मातीकाम, बिगारी यांना जोडपी येतात. कोणी कर्नाटकातल्या कलबुर्गी-यादगीरकडची, कोणी तेलंगणातल्या महबूबनगरची, कोणी आपल्या जालना-परभणीची. त्यांची मुलंबाळं बरोबर असतात. पुढे सळई बांधणारे, सेंट्रिंगवाले, टाइल बसवणारे, रंगारी येतात, ते बरेचसे बंगाल, झारखंड, बिहारकडचे आणि बरेचसे एकटे. म्हणजे नवा खड्डा खणायला सुरुवात झाली की माझा पट वाढतो, आणि इमारतीला टाइल लागायला लागल्या की उतरतो. इमारत वर जाताना पट खाली येतो. रस्त्याने जाताना कुठे पत्रे लागले, कुठे पोकलेन आलं, हे मी बिल्डरपेक्षा जास्त बारकाईने बघत असेन.

त्यात वर्षाचं चक्र आहेच. मराठवाड्यातली माणसं पेरणीला गावी जातात आणि दसरा-दिवाळी उरकून परत येतात. उत्तरेकडची माणसं होळीला, छठला जातात. आमच्याकडे पटनोंदणीचा गजर, प्रवेशोत्सव, फुगे आणि रांगोळ्या जूनमध्ये. नेमकं तेव्हा कॅम्प अर्धा रिकामा असतो. दिवाळीनंतर तो भरतो, तेव्हा कोणी पटनोंदणीचं नाव काढत नाही. म्हणून अशा वस्तीतल्या अंगणवाडीचा पट वर्षभर एका आकड्यावर स्थिर दिसला की मला समाधान वाटत नाही, शंका येते. ही नावं खोलीत बसलेल्या मुलांची आहेत की वहीत बसलेल्या?

कॅम्पातल्या एका मुलीचं सांगते. साडेतीन-चार वर्षांची असेल, कलबुर्गीकडची. आई-बाप दोघं मातीकामाला. सर्वेक्षणाला आम्ही संध्याकाळी जातो, कारण दिवसा कॅम्पात कुलपं आणि कुत्री. आई म्हणाली, पाठवीन. मुलगी आली ती कडेवर भाऊ घेऊन. तो दीड वर्षाचा. तिच्या कमरेवर तो मावत नव्हता, तरी तिने त्याला अशा सफाईने तोलला होता की हे रोजचंच आहे हे दिसत होतं. सतरंजीवर बसली तरी भाऊ मांडीवर. चित्र रंगवायला खडू दिला तर आधी तो भावाच्या तोंडातून काढण्यातच तिचा वेळ गेला. बाकीची मुलं गोल करून नाचायला उठली, ती उठली नाही. उठली असती तर भाऊ रडला असता.

नियम स्पष्ट आहे. तीन ते सहा वर्षांचं मूल पूर्वप्राथमिक शिक्षणाला बसतं आणि गरम ताजा आहार खातं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो. त्याने खोलीत दिवसभर बसायचं असं कुठे नाही. म्हणजे कागदावर बहीण माझी विद्यार्थिनी आणि भाऊ नुसता लाभार्थी. पण भावाला दाराबाहेर ठेवला तर बहीण आत येणार नाही, हे कोणालाही कळेल. मदतनीसताईंनी एका बाजूला चादर पसरून त्याला मुरमुऱ्यांच्या वाटीपुढे बसवलं. मग ती मुलगी उठली. पहिले काही दिवस दर दोन मिनिटांनी मान वळवून बघायची, नंतर विसरून खेळायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचं ते विसरणं हीच त्या महिन्यातली माझी प्रगती. मदतनीसताईंचं काम मात्र दुप्पट झालं. खिचडी ढवळायची, शू-शी बघायची आणि रांगतं पोर सांभाळायचं, हे एका बाईच्या दोन हातांत बसत नाही. दुपारी अंगणवाडी सुटली की प्रश्न पुन्हा उभाच, कारण आईचं काम सुटतं संध्याकाळी सहाला. मधले तास ती दोघं पत्र्याच्या खोलीत, शेजारच्या म्हातारीच्या नजरेखाली, नाहीतर साइटवर वाळूच्या ढिगापाशी.

हे काम समजून घ्यायला मला बाहेर फार लांब जावं लागलं नाही. अंगणवाडीची कल्पना आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. २०१४ साली जिल्हा फुटला आणि कोसबाड पालघरकडे गेलं, पण आमच्या प्रशिक्षणात अजून तिथूनच सुरुवात होते. वारली मुलं शाळेत का येत नाहीत, हे शोधताना या दोघींना आळस किंवा अडाणीपणा असलं काही सापडलं नाही. मुलं गुरं राखत होती, आणि लहान भावंडं सांभाळत होती. मग शाळा वाडीच्या अंगणात नेली, कुरणावरच्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली. थोरली बहीण येताना तान्ह्याला पाळणाघरात सोडते, मधल्याला बालवाडीत, आणि स्वतः वर्गात बसते. माझ्या खोलीतली ती मुलगी अनुताईंना नवी वाटली नसती.

ताराबाई ज्या परंपरेतून आल्या तिचं मूळ माँटेसरीबाईंकडे जातं, आणि तिथेही इमारतच आहे. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं ते कामगारांच्या चाळीत. जागा दिली चाळी दुरुस्त करून भाड्याने देणाऱ्या कंपनीने. आईबाप दिवसभर कामावर, आणि मागे राहिलेली पोरं जिन्यांची, भिंतींची नासधूस करतात, यावर उपाय म्हणून. हेतू व्यवहाराचा होता. पण खोली इमारतीतच होती आणि आईबापांच्या कामाचे तास लक्षात घेऊन तिचा विचार झाला होता. आपल्याकडे १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मुलांसाठी मोबाइल क्रेश सुरू केले, काही वर्षांत ते मुंबईत आले. तिथेही सूत्र हेच: साइट जितका वेळ चालते तितका वेळ पाळणाघर.

कायदा या बाबतीत मागे आहे असंही नाही. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात, ५० हून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली द्यावी, असं लिहिलं होतं. पण बाई नवऱ्याबरोबर आली असेल तर मुकादमाच्या वहीत तिचं वेगळं नाव असेलच असं नाही. काम दोघांचं, नोंद एकाची. मग साइटवर डोळ्यांना दिसणाऱ्या बायका कागदावर पन्नासपर्यंत पोचायच्या तरी कशा? सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या डिसेंबरात असंही सांगितलं, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ती मिळावी. चांगला आदेश. पण चाळीस मुलांची यादी करून, सह्या-अंगठे घेऊन मागणी जाईपर्यंत पायाचं काम उरकलेलं असतं आणि यादीतली अर्धी मुलं भिवंडी नाहीतर पनवेलच्या साइटवर गेलेली असतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचा आहार हा हक्क झाला. मूळ कायद्यात तीन ते सहाच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरली होती. हक्क मुलाबरोबर चालतो, ताट मात्र एका पत्त्यावर असतं.

आता नोंदी मोबाइलवर आहेत. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आलं आणि त्यात एका अंगणवाडीतलं मूल दुसरीकडे पाठवायची सोय आहे. ही सोय मला मनापासून आवडते. मुलाचं स्वतःचं आधार नसलं तरी आईच्या आधारावर नोंद होते, हे कॅम्पात जाऊन पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बंगाली बोलणाऱ्या घरांत तर कागदाचं नाव काढलं की माणसं आक्रसून घेतात. कोणीतरी आपल्याला हुसकायला आलंय असं त्यांना वाटतं. आधी वजनकाटा बाहेर काढायचा, पोराला उचलून त्यावर ठेवायचं, आईशी त्याच्या खाण्याविषयी बोलायचं, आणि कागदाचं शेवटी, हा आमचा क्रम. आई मग पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढते. त्यात माता-बाल संरक्षण कार्ड असतं, कधी कन्नड, कधी तेलुगू, कधी बंगाली लिपीत छापलेलं. अक्षर वाचता आलं नाही तरी वाढीचा तक्ता वाचता येतो: मुलीचा गुलाबी, मुलाचा निळा, आणि ठिपके कुठून कुठे सरकले ते. बऱ्याच कार्डांवर ठिपके गावात असेपर्यंत हिरव्या पट्ट्यात आणि प्रवास सुरू झाल्यावर पिवळ्याकडे कललेले दिसतात. दोन साइटच्या मधल्या महिन्यांत तर ठिपकेच नसतात.

मोबाइलमुळे एक अडचणही आली. ओटीपी येतो तो बापाच्या फोनवर, आणि बाप विसाव्या मजल्यावर. २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळखही पटवावी लागते. म्हणजे आईने स्वतः, आमच्या वेळेत, समोर उभं राहायचं. दिवसाची हजेरी बुडवून ती येणार कशी? पुन्हा तेच घड्याळ.

पट का घटतो यावर बैठकीत बोलणं निघतं तेव्हा इंग्रजी माध्यमाकडे बोट जातं. ते खोटं नाही. सरकारच्याच नियमाप्रमाणे ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होणारं मूल नर्सरीत जाऊ शकतं, आणि गावठाणातली मुलं तशी जातातच. घरकामवाल्या बायका शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर डोळा ठेवून असतात. २०२४ साली त्या जागांचा नियम राज्याने बदलला, उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला आणि प्रवेश लांबले. आईबापांचा सगळा उन्हाळा चौकशीत गेला. पण नंबर लागला तरी शाळा अकराला सुटली की मुलाला आणणार कोण, हा प्रश्न याच बायका मला विचारतात. फुकट जागा मिळूनही न घेतलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे माध्यम आड आलं नव्हतं, फीसुद्धा नव्हती. अकरा वाजले आड.

तेव्हा मला सुचणारा उपाय साधा आहे आणि नवा तर मुळीच नाही. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची केंद्राची ‘पालना’ योजना २०२२ पासून आहे. देशभरात १७ हजार अशी केंद्रं करायचं त्यात ठरलं. कोलशेतसारख्या वस्तीत, जिथे एकामागून एक साइट उघडतेय, ती आधी यायला हवीत. पूर्ण दिवसाचं केंद्र, तान्ह्यांसाठी वेगळी बाई, दुपारची झोप, संध्याकाळचं खाणं. बांधकामाच्या आवारातली एक पक्की खोली बिल्डरला जड नाही. सेल्स ऑफिस तर तो पायाच्याही आधी थाटतो. आणि दिवाळीनंतर पटनोंदणीची दुसरी फेरी, तितक्याच गाजावाजाने.

हे बोलून दाखवलं की एक उत्तर ठरलेलं असतं: सेविकांनी थोडं जास्त थांबावं, मुलांसाठी एवढं कराल ना? सर्वेक्षण, वजनं, लसीकरणाची बोलावणी, गरोदर बायकांच्या भेटी, मोबाइलवरच्या नोंदी, निवडणुकीची कामं हे सगळं मानधनावर करणाऱ्या बाईला हे विचारलं जातं. तिचंही घर आहे, तिचीही पोरं शाळेतून सुटतात, आणि ती किती वाजता निघते हेही कोणी लिहून घेतलेलं नाही. चार घरांची मुलं एका सतरंजीवर टिकवायची असतील तर भाषेची आणि समावेशनाची प्रशिक्षणं नंतर द्या, आनंदाने येऊ. आधी दार सहापर्यंत उघडं राहील अशी सोय करा, आणि ते उघडं ठेवणाऱ्या बाईला त्या तासांचे पैसे द्या.